बॅटरी गेली म्हणण्याआधी: घरचा इन्व्हर्टर दगा देतो तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

लाइट जाते, पंखा दहा मिनिटं फिरतो, मग इन्व्हर्टर पीं-पीं करत मान टाकतो. यावर घरातल्या प्रत्येकाचं निदान ठरलेलं असतं: "बॅटरी गेली." दुरुस्तीला आलेला माणूसही बहुतेक वेळा तेच म्हणतो. मी एकदा ते ऐकून धडधाकट बॅटरी बदलली होती. नव्या बॅटरीनेही पहिल्याच रात्री अर्ध्या तासात हात टेकले, तेव्हा कुठे वायरला हात लावून पाहिलं. निगेटिव्ह वायरचं टोक चटका बसेल इतकं तापलं होतं आणि वायरचं आवरण तिथे मऊ पडलं होतं. टोकाला दाबून बसवलेल्या थिंबलच्या, म्हणजे धातूच्या जोड-टोपीच्या, आत तांबं हिरवं पडून सैल झालं होतं. बॅटरी पहिलीही ठीक होती आणि दुसरीही.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आधी भिंतीतून येणारी वीज, मग सांधे, मग लोड (इन्व्हर्टरवर चालणाऱ्या वस्तूंचा भार), त्यानंतर बॅटरी, आणि मशीन सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी बघायला तासभर पुरतो आणि खर्च काही नाही. बॅटरीवर शिक्का मारायला घाई कशाला?

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः पाणी टाकाव्या लागणाऱ्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे, म्हणजे उभ्या ट्यूब्युलर किंवा सपाट प्लेटांच्या. लिथियमचं वेगळं असतं, त्याबद्दल पुढे थोडं येईल.

हात लावण्याआधी

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर, दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला पान्हा, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खायचा सोडा आणि टॉर्च एवढं जवळ असू द्या. हायड्रोमीटर म्हणजे रबरी फुग्याची काचेची नळी, जिच्या आत एक छोटा काटा तरंगतो. बॅटरीतल्या ॲसिडची घनता त्यावरून कळते.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून माणसं बेफिकीर असतात. पण पान्हा चुकून दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर धावतात आणि लोखंड तापून लाल होतं. अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने पेट घेतो. म्हणून चार्जिंग बंद करून, खिडकी उघडून, थोडा वेळ थांबून मगच टर्मिनलला हात घाला. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धुवायचं आणि डोळ्यांत गेलं असेल तर त्यानंतर डॉक्टर गाठायचा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. घराचा मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या बोर्डांत पूर्ण वीज असते, कारण मेन गेला की इन्व्हर्टर आपलं काम इमानेइतबारे सुरू करतो! त्या लाइनला हात लावायचा असेल तर आधी इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच बंद करा, त्याचा प्लग काढा आणि मग बॅटरी सोडवा. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. शेवटचा सांधा जोडताना छोटी ठिणगी उडते, ती मशीनमधले कपॅसिटर भरल्याची. लाल-काळ्याची अदलाबदल मात्र एकदाही चालत नाही. नशीब चांगलं असेल तर फ्यूजवर भागतं, नाहीतर आतला बोर्ड जातो.

नेमकं काय होतंय ते आधी ओळखा

"चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. लाइट असतानाही मशीन बॅटरीवरच चालतंय का? लाइट गेल्यावर ते सुरूच होत नाही का? सुरू होतं पण लवकर बंद पडतं? की एखादी विशिष्ट वस्तू लावली की लगेच बसतं? या चारही तक्रारींच्या वाटा वेगळ्या आहेत. बंद पडण्याआधी किती वेळ चालला आणि तेव्हा घरात काय काय सुरू होतं, ते कागदावर लिहून ठेवा. आठवणीवर विसंबून राहिलात तर "पाच मिनिटं"चा अर्थ दोनपासून वीसपर्यंत काहीही होतो.

भिंतीतून वीज येतेय का

लाइट आहे, तरी इन्व्हर्टरवर मेनचा दिवा नाही. अशा वेळी ज्या सॉकेटला तो लावलाय, तिथे दुसरं एखादं उपकरण लावून पाहा. सॉकेट ठीक असेल तर मशीनच्या मागे बघा. तिथे फ्यूज असतो किंवा दाबून बसवायचं रीसेट बटण असतं. ते उडालेलं असेल तर मशीनच्या दृष्टीने लाइट गेलेलीच आहे. ते बॅटरी उपसत राहतं आणि खरोखर लाइट जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं. बटण एकदा दाबून बसवा. पुन्हा उडालं तर बसवत राहू नका, आत शॉर्ट असू शकतो किंवा लोड जास्त असू शकतो. फ्यूज बदलायचा तर त्याच आकड्याचा. तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवलेलं मी पाहिलंय, आणि त्यानंतरची काळवंडलेली भिंतही.

दुसरी भानगड यूपीएस मोडची. बऱ्याच मशीनवर मागे एक छोटा स्विच असतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर फक्त अरुंद पट्ट्यातला व्होल्टेज स्वीकारतो, साधारण १८० ते २६० व्होल्ट. दुसऱ्या मोडमध्ये तो १०० च्या आसपासपर्यंतही तग धरतो. संध्याकाळी व्होल्टेज पडायचा भाग असेल तर यूपीएस मोडवरचं मशीन दर थोड्या वेळाने टक-टक करत बॅटरीवर जातं आणि परत येतं. रात्रीपर्यंत बॅटरी अर्धी होते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. अशा ठिकाणी स्विच रुंद पट्ट्यावर ठेवलेला बरा. त्यात मेनवरून बॅटरीवर जायला थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे डेस्कटॉप कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. पंखे-दिव्यांना फरक पडत नाही.

सांधे: इथेच निम्मी गंमत आहे

घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये ६०० वॅटला तीनेक अँपिअर लागतात. तेच ६०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे तर ५० अँपिअर, आणि मशीनमधली गळती धरली तर ६० च्या आसपास. एवढ्या प्रवाहाला किरकोळ अडथळाही महागात पडतो. सैल क्लॅम्पचा, म्हणजे टर्मिनलला आवळायच्या पकडीचा, रोध समजा फक्त ०.०२ ओहम आहे. ६० अँपिअरला तिथे १.२ व्होल्ट गळतात आणि ७२ वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे चांगला सोल्डरिंग आयर्न टर्मिनलला टेकवून ठेवल्यासारखं. बॅटरीत १२ व्होल्ट आहेत, पण मशीनला १०.८ च दिसतात. मग ते "बॅटरी संपली" म्हणून बंद होणार नाही तर काय?

हे नुसतं बघून कळत नाही, मोजावं लागतं. प्लग काढून इन्व्हर्टर बॅटरीवर चालवा, दोन-तीन पंखे आणि दिवे लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा आणि दुसरं टोक त्याच खुंटाला लावलेल्या वायरच्या थिंबलवर. एकाच टर्मिनलवरचे दोन बिंदू आहेत हे, लाल आणि काळं नव्हे. आकडा जवळजवळ शून्य हवा, फार तर ०.०५. तो ०.२ किंवा जास्त दिसला तर सांधा खराब आहे. दोन्ही टर्मिनलवर हेच करा. थिंबलच्या पुढे, जिथे उघडं तांबं दिसतं तिथेही टोक टेकवून पाहा. माझी फसगत झाली होती ती नेमकी तिथे, क्लॅम्प तर चकाचक होता.

साफसफाई सोपी आहे. सगळं बंद करून वायर सोडवा. पांढरी किंवा निळसर-हिरवी पूड जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो तो ॲसिड मरत असल्याचा. बुचं घट्ट बंद ठेवा, सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर आतलं ॲसिडही मरेल. पुसून कोरडं करा, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू सँडपेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावायची नाही. थिंबल आतून गेलं असेल तर वायरचं टोक कापून नवं थिंबल क्रिंपिंग करून घ्या. पक्कडीने चेपलेलं वर्षभरात पुन्हा सैल होतं.

लोडचा हिशेब

१५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. पण हा १५० चा आकडा सहसा २० तासांच्या हिशेबाने दिलेला असतो, म्हणजे ७.५ अँपिअरने हळूहळू काढली तर. ३०० वॅटचा लोड लावला की बॅटरीतून ३० अँपिअर जातात आणि इतक्या वेगाने उपसल्यावर ती पूर्ण १५० देत नाही. चांगल्या बॅटरीवरही साडेतीन तासांच्या आसपास मिळतात. लोक १,८०० ला ३०० ने भागून सहा तासांची आशा धरतात आणि नव्या बॅटरीला शिव्या देतात.

इन्व्हर्टरच्या लाइनवर नको ते काही चढलंय का, हे शोधायची युक्ती म्हणजे मेन पाडून घरभर फिरायचं आणि काय काय चालू राहिलंय ते बघायचं. माझ्याकडे फ्रिजचं सॉकेट त्या लाइनवर निघालं होतं. फ्रिज, पाण्याचा पंप अशा मोटरच्या वस्तू सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट खेचतात. तेवढा एक झटका मशीनला ओव्हरलोड म्हणून पुरतो. "अधूनमधून आपोआप बंद होतो" या तक्रारीमागे पुष्कळदा फ्रिजचा कॉम्प्रेसर असतो.

आता बॅटरी

आधी पाणी. तरंगते निर्देशक असले तरी एकदा बूच काढून टॉर्चने आत बघा, निर्देशक अडकतात. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं डिस्टिल्ड वॉटर आत्ता टाका. पूर्ण पातळी चार्ज झाल्यानंतर भरायची, कारण चार्ज होताना द्रव वर चढतो आणि काठोकाठ भरलेली बॅटरी उतू जाते. नळाचं पाणी नको, उकळलेलं नको (उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट दाट होतात), आरओचं नको, एसीतून ठिबकणारंही नको. आणि ॲसिड तर मुळीच नाही. बॅटरीतून फक्त पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं. मरायला टेकलेल्या बॅटरीत ॲसिड घालून कुणी ती "जिवंत" करून दिली, तर चार दिवस ती बरी वाटते आणि आत प्लेटा झपाट्याने झिजतात.

सगळे सेल भराभर पाणी पीत असतील तर चार्जिंग जास्त होतंय. चार्जिंग चालू असताना टर्मिनलवर मोजा. लेड-ॲसिडला शेवटी १४.४ च्या आसपास आणि भरल्यावर १३.५ ते १३.८ असं दिसायला हवं. १५ च्या वर आकडा आणि सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे ताबडतोब बंद. उलट कितीही तास गेले तरी १२.६ च्या वर चढतच नसेल आणि बॅटरी कोमटही होत नसेल, तर चार्जिंगच होत नाहीये, बॅटरीचा त्यात दोष नाही.

आणखी एक लक्षण फसवं आहे. संपलेली बॅटरी लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच आकडा १४.४ ला पोचतो आणि "फुल चार्ज"चा दिवा लागतो. माणूस खूश होतो. खरं तर १५० एएचच्या बॅटरीला १५ अँपिअरने भरायला दहा-बारा तास लागायलाच हवेत. लगेच भरली, म्हणजे तिच्या पोटात जागाच उरलेली नाही. प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसलाय. महिनोन्महिने रिकामी पडलेल्या बॅटरीचं हे ठरलेलं दुखणं.

विश्रांतीतला व्होल्टेज मोजायचा तर पूर्ण चार्ज करून, मशीन बंद करून, प्लग काढून तीन-चार तास थांबा. चार्जरवरून उतरल्या उतरल्या मोजलेला आकडा खोटा असतो. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ च्या खाली रिकामी. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल तर हिशेब करा: सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट. दोनेक व्होल्ट कमी म्हणजे एक सेल शॉर्ट होऊन गेला. तो दुरुस्त होत नाही.

हायड्रोमीटरने मात्र सेलगणिक चित्र दिसतं. फुगा दाबून नळी सेलमध्ये घालायची, काटा मोकळा तरंगेल इतकं द्रव ओढायचं, डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायचं आणि द्रव त्याच सेलमध्ये परत सोडायचा. ट्यूब्युलर इन्व्हर्टर बॅटरी भरल्यावर साधारण १.२४० दाखवते. मेकॅनिक त्याला "बाराशे चाळीस ग्रॅव्हिटी" म्हणतात. नक्की आकडा बॅटरीच्या लेबलवर छापलेला असतो. आजच पाणी टाकलं असेल तर मोजू नका, ते वरच तरंगत असतं आणि आकडा कमी दिसतो. एक पूर्ण चार्ज होऊ द्या. सहाही सेल सारखेच कमी असतील तर चार्ज कमी पडलाय, अजून आशा आहे. पाच सेल १.२३० वर आणि एक १.१८० वर असेल तर तो सेल बसला. सेलांमध्ये ०.०३० पेक्षा जास्त फरक आला की मी नव्या बॅटरीची तयारी करतो.

दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचं मशीन असेल तर एकत्र आकडा बघून फसू नका, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. २५.२ मध्ये एक १३ ची आणि एक १२.२ ची लपलेली असू शकते. त्यातली एकच बदलायचा मोह होतो. नवी बॅटरी मग जुनीच्या संगतीने लवकर खचते.

बॅटरी इतकी उतरली असेल की मशीन तिला ओळखतच नाही, तर वेगळ्या चार्जरवर कमी अँपिअरने काही तास लावून बघता येतं. अंग तापलं किंवा फुगलं तर तिथेच थांबा.

लिथियमच्या बॅटरीला हे पाणी, ग्रॅव्हिटी काही लागू नाही. तिच्या आत बीएमएस नावाचं रक्षक सर्किट असतं. जास्त लोड, जास्त उष्णता किंवा पूर्ण रिकामी झाल्यावर ते बॅटरीच तोडून टाकतं आणि टर्मिनलवर जवळजवळ शून्य दिसतं. ती मेली असं समजू नका, लोड काढून योग्य चार्जर लावला की बहुतेक वेळा जागी होते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास सपाट राहतो, म्हणून त्यावरून चार्जचा अंदाज बांधता येत नाही. आणि मशीनमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम निवडलाय ना, हे सगळ्यात आधी बघा.

शेवटच्या क्षणाचा आकडा

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर एक परीक्षा आहे जी मला सगळ्यात भरवशाची वाटते. बॅटरी पूर्ण चार्ज करा, प्लग काढा, नेहमीचा लोड लावा आणि मल्टिमीटरची टोकं बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर धरून वाट बघा. इन्व्हर्टर बंद पडतो त्या क्षणी काय आकडा होता, तेवढाच हवाय. बंद पडल्यावर व्होल्टेज लगेच वर उसळी मारतो, म्हणून शेवटची मिनिटं मोबाइलवर व्हिडिओ काढलेला सोयीचा.

बहुतेक मशीन १०.५ च्या आसपास बंद होतात. खुंटावर १०.५ दिसला आणि तोही दहा-पंधरा मिनिटांत, तर मशीनने बरोबर केलं, बॅटरी खरंच थकली. खुंटावर ११.८ आहे पण मशीनच्या डिस्प्लेवर १०.६, तर मधली वायर किंवा सांधा खातोय. खुंटावरही ११.८, डिस्प्लेवरही ११.८ आणि लोड बेताचा, तरी बंद, म्हणजे आता मशीनकडे वळा.

मशीनच्या बाबतीत आपण करण्यासारखं थोडंच असतं. पंखा फिरतोय का, जाळीत धूळ साचलीय का, मागे भिंतीपासून हवेला जागा आहे का, बीपचा अर्थ मॅन्युअलमध्ये काय दिलाय. शक्य असेल तर तितक्याच व्होल्टची चांगली बॅटरी लावून बघा. पंखा गुरगुरत असेल तर बिघाड असेलच असं नाही, स्क्वेअर वेव्हच्या, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या, मशीनवर तो गुरगुरतोच. त्याच मशीनचं आउटपुट स्वस्त मल्टिमीटरने मोजलं तर आकडाही भलताच येतो, त्यावरून घाबरू नका. पेटी मात्र उघडायची नाही. आतले कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात. मेकॅनिकला बोलवा आणि बंद पडल्याच्या क्षणाचा आकडा, सांध्यांवरची मापं आणि सहा सेलांची ग्रॅव्हिटी त्याच्या हातात द्या. "बॅटरी गेली" हे वाक्य मग सहजासहजी निघत नाही.

जुनी बॅटरी काढावीच लागली तर ती भंगारात टाकू नका आणि ॲसिड गटारात ओतू नका. आतलं शिसं विषारी आहे आणि पुन्हा वापरता येतं, नवी देणारे जुनी परत घेतात.

नवी बसवल्यावर किंवा दुरुस्ती झाल्यावर मी पहिल्याच आठवड्यात एक काम उरकतो. पूर्ण चार्जवर ठरलेले दोन पंखे आणि चार दिवे लावतो आणि खुंटावरचा आकडा १२ व्होल्टपर्यंत उतरायला किती वेळ लागला ते मोजून, तारीख घालून, बॅटरीच्या ट्रॉलीला चिकटवलेल्या कागदावर लिहितो. खाली पुढच्या वर्षांसाठी ओळी रिकाम्या सोडलेल्या असतात.